मेंदूचा व्यायाम : किती काळ केला तर टिकतो?

जपानमधील मोठ्या पुस्तकांच्या दुकानात एक कप्पा हमखास आढळतो. बेरीज-वजाबाकीच्या वह्या, कांजी लिपीची कोडी, मोठ्याने वाचायचे उतारे असे साहित्य त्यात मांडलेले असते. मात्र ते मुलांसाठी नसून साठी-सत्तरी ओलांडलेल्यांसाठी असते. या साऱ्याला जपानी भाषेत ‘नोतोरे’ असा सुटसुटीत शब्द आहे. ‘नो’ म्हणजे मेंदू आणि ‘तोरे’ हे ‘ट्रेनिंग’चे जपानी लघुरूप.

या कप्प्यामागे एक राष्ट्रीय चिंता आहे. जपानच्या लोकसंख्येत ६५ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या वर गेले आहे. २०२२ च्या स्थितीवर आधारलेल्या सरकारी अंदाजानुसार सुमारे ४४ लाख ३० हजार ज्येष्ठ नागरिकांना स्मृतिभ्रंश आहे आणि आणखी सुमारे ५५ लाख ९० हजार जण त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘एमसीआय’ म्हणतात त्या अवस्थेत आहेत. भारतातही परिस्थिती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचे नोंदवले.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसासाठी हा प्रश्न दुहेरी आहे. एकीकडे स्वतःची चाळिशी-पन्नाशी, दुसरीकडे पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात एकटे राहणारे आई-वडील. त्यांच्या मोबाइलवर एखादे ‘ब्रेन ट्रेनिंग’चे अॅप घालून देणे सोपे असते. पण त्याचा उपयोग होतो का, आणि झालाच तर तो टिकण्यासाठी किती दिवस, महिने की वर्षे सराव करावा लागतो? गेल्या २५ वर्षांत जपानमध्ये आणि अन्यत्र जे संशोधन झाले, त्याच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर येथे मांडले आहे.

‘नोतोरे’ची सुरुवात

या चळवळीचे नाव सेन्दाई येथील तोहोकु विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ प्रा. र्यूता कावाशिमा यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे. मेंदूचे चित्रण करताना त्यांना असे आढळले की, मोठ्याने वाचताना किंवा सोपी गणिते भराभर सोडवताना मेंदूचा पुढचा भाग विशेष सक्रिय होतो. नियोजन, लक्ष आणि स्वतःवरील ताबा ही कामे याच भागाकडे असतात. २००१ मध्ये फुकुओका प्रांतातील ओकावा या शहरातील एका वृद्धाश्रमात या निरीक्षणाचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला. शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असलेली ‘कुमोन’ ही संस्था त्यात सहभागी होती. या पद्धतीला ‘गाकुश्यू र्योहो’, म्हणजे ‘अध्ययनोपचार’ असे नाव मिळाले.

पद्धत साधी आहे. वृद्ध व्यक्ती आणि मदतनीस समोरासमोर बसतात. थोडे मोठ्याने वाचन, थोडी सोपी गणिते, असे साधारण २० मिनिटे चालते. प्रश्न मुद्दाम इतके सोपे ठेवलेले असतात की पूर्ण गुण मिळावेत. तपासून झाले की मदतनीस शाबासकी देतो आणि दोन शब्द गप्पा होतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या १६ जणांनी सहा महिने असा सराव केला. तेवढ्याच लोकांच्या दुसऱ्या गटाने केला नाही. सराव करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाशी संबंधित चाचणीचे गुण सुधारले, तर न करणाऱ्यांची सर्वसाधारण बौद्धिक क्षमता त्या काळात घसरली.

निष्कर्ष आशादायक होता, परंतु गट लहान होता. शिवाय एक शंका रास्त होती. सुधारणा गणितांमुळे झाली, की कोणीतरी नियमाने समोर बसून बोलत होते, कौतुक करत होते, यामुळे? वृद्धाश्रमातील एकाकीपणा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही शंका क्षुल्लक वाटणार नाही.

याच सुमारास कावाशिमा यांच्या पुस्तकांवर आधारलेला निन्तेन्दो कंपनीचा खेळ १९ मे २००५ रोजी जपानमध्ये बाजारात आला. तो आणि त्याचा पुढचा भाग मिळून जगभर तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्या खेळातील एक छोटी योजना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: त्या दिवसाचा सराव झाला की पडद्यावरील दिनदर्शिकेवर शिक्का उमटे. एका दिवसात किती तास खेळलात, यापेक्षा किती दिवस खेळलात, याला तिथे मान होता.

थांबल्यावर काय उरते?

व्यायामशाळा सोडली की कमावलेले स्नायू ओसरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. मेंदूबाबत याचा सर्वांत बोलका पुरावा २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत राहण्याची कला तीन महिने शिकवण्यात आली. सरावानंतर त्यांच्या मेंदूतील, हलत्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागातील करड्या पेशीद्रव्याचा आकार वाढलेला दिसला. पुढचे तीन महिने त्यांनी सराव बंद ठेवला, तेव्हा ती वाढ पुन्हा ओसरू लागली. मेंदू बदलतो, ही चांगली बातमी. वापर थांबला की तो बदल आवरता घेतो, ही तिची दुसरी बाजू.

मात्र सर्वच लाभ इतक्या लवकर विरत नाहीत. अमेरिकेतील ‘अॅक्टिव्ह’ नावाच्या प्रयोगात ६५ वर्षांवरील २,८३२ जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे चार गटांत विभागण्यात आले. एका गटाला स्मरणशक्तीचा, दुसऱ्याला तर्कशक्तीचा, तिसऱ्याला नजरेने टिपलेली माहिती वेगाने हाताळण्याचा सराव देण्यात आला. चौथ्याला काहीच दिले नाही. मूळ सराव पाच-सहा आठवड्यांत केवळ १० सत्रांचा होता. त्यांतील काहींना सुमारे ११ आणि ३५ महिन्यांनी प्रत्येकी चार सत्रांची उजळणी मिळाली.

दहा वर्षांनंतर तर्काचा आणि वेगाचा लाभ त्या-त्या चाचण्यांत अजून दिसत होता. स्मरणशक्तीच्या सरावाचा मात्र उरला नव्हता. सराव घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांनी आपली दैनंदिन कामे पूर्वीइतकीच किंवा अधिक चांगली जमतात असे सांगितले. सराव न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये याच प्रयोगाचे २० वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेगाचा सराव आणि नंतरची उजळणी ही दोन्ही घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. वेगाचा तोच सराव घेतलेल्या, पण उजळणी न मिळालेल्या गटात असा फायदा दिसला नाही. येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मूळ १० पैकी किमान आठ सत्रे पूर्ण करणाऱ्यांनाच उजळणीसाठी निवडले गेले होते. म्हणजे त्या गटात मुळातच नेटाने येणारे लोक होते. तरीही दिशा स्पष्ट आहे. एकदा शिकून सोडून देणे आणि ठरावीक काळाने पुन्हा त्याकडे वळणे, यांत फरक पडतो.

सोरोबानचा धडा

सरावाचा लाभ टिकतो हे मान्य केले, तरी तो कशात टिकतो हा वेगळा प्रश्न आहे. याचे उत्तर जपानच्या सोरोबानने, म्हणजे मण्यांच्या पाटीने, फार पूर्वी दिले आहे. सोरोबानवर वर्षानुवर्षे मेहनत घेतलेले लोक पुढे पाटी समोर न ठेवता, ती मनात पाहून गणित करतात. गियू हातानो या जपानी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये अशा श्रेष्ठ गणकांची स्मरणशक्ती तपासली. १५ च्या आसपास अंक ते एकदा ऐकून क्रमाने सांगू शकत. सर्वसाधारण माणसाची मर्यादा सात-आठ अंकांची असते. पण अंकांऐवजी अक्षरे किंवा फळांची नावे दिली, की हेच गणक तुमच्या-आमच्यासारखे सामान्य ठरत.

म्हणजे स्मरणशक्ती नावाचे एखादे भांडे मोठे झाले नव्हते. अंक मण्यांच्या रूपात ठेवण्याची एक विशिष्ट युक्ती त्यांनी साधली होती. अशाच प्रकारचा निष्कर्ष आपल्या जवळच्या वडोदऱ्यातूनही आला आहे. तेथील २०४ शाळकरी मुलांवर तीन वर्षे चाललेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास होता. मनातल्या मण्यांनी गणित करायला शिकलेल्या मुलांचे अंकगणित इतरांपेक्षा सुधारले. मात्र त्यांची मूलभूत बौद्धिक क्षमता बदलली नाही. परदेशातील मराठी घरांत ‘अबॅकस’ वर्गांची जाहिरात ज्या शब्दांत पोहोचते, ते शब्द या निष्कर्षाशी ताडून पाहावेत. गणित सुधारणे ही स्वतःच चांगली गोष्ट आहे. तिला सर्वांगीण बुद्धिविकासाचे नाव देण्याची गरज नाही.

मोबाइल आणि संगणकावरील खेळांचेही असेच आहे. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर सराव केला. जो खेळ खेळला त्यात प्रत्येकाची प्रगती झाली. पण त्याच्याशी साम्य असलेल्या इतर चाचण्यांतही ती उतरली नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ‘लुमॉसिटी’च्या कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल कारवाई केली आणि २० लाख डॉलरवर तडजोड झाली. स्मृतिभ्रंश लांबवण्याचे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीमागे पुरेसा शास्त्रीय आधार नव्हता, हा आयोगाचा आक्षेप होता.

जपानचा ताजा पुरावा

मग उपाय काय? केवळ एका खेळावर विसंबण्यापेक्षा अनेक अंगांनी, दीर्घकाळ काम करावे, ही कल्पना फिनलंडमधील ‘फिंगर’ या प्रयोगाने रुजवली. त्यात ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांसाठी आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाबासारख्या बाबींवरील देखरेख, असा दोन वर्षांचा कार्यक्रम होता. २०१५ मध्ये त्याचे अनुकूल निष्कर्ष आले आणि इतर देशांनी तो आपापल्या परिस्थितीनुसार राबवला.

जपानमधील प्रयोगाचे नाव ‘जे-मिन्ट’. आइची प्रांतातील ओबु येथे असलेल्या राष्ट्रीय वार्धक्यविज्ञान केंद्राच्या नेतृत्वाखाली ६५ ते ८५ वयाच्या ५३१ जणांना त्यात घेण्यात आले. सर्वांना स्मृतिभ्रंशाच्या आधीच्या पायरीवरील त्रास होता. एका गटाला १८ महिने सामूहिक व्यायाम, आहाराचा सल्ला, टॅबलेटवरील मेंदूचा सराव आणि रक्तदाब-मधुमेहाची देखरेख मिळाली. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांची सरासरी पाहिली, तर ठोस फरक दिसला नाही.

अनेक बातम्या येथेच संपल्या असत्या. पण संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला. जे खरोखर नियमाने आले, त्यांचे काय झाले? व्यायामाच्या ७० टक्के किंवा त्याहून अधिक सत्रांना हजर राहिलेल्यांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय सुधारणा आढळली. हा पुरावा अंतिम नाही. ज्यांची प्रकृती बरी असते तेच अधिक वेळा येऊ शकतात, हा मुद्दा त्यात उरतोच. पण दहापैकी सात वेळा हजर राहणे, हा एक व्यवहार्य मापदंड या प्रयोगाने हाती दिला आहे. रोज न चुकता करण्याचा हट्ट नको. निम्म्यावर सोडणेही नको.

२०२५ मध्ये अमेरिकेतील २,१११ जणांवरील दोन वर्षांच्या प्रयोगानेही याला पूरक निष्कर्ष दिला. स्वतःच्या मर्जीने आरोग्य सांभाळणाऱ्या गटाची प्रगती झाली. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गटात, कोणाच्या तरी देखरेखीखाली तेच करणाऱ्यांची अधिक झाली.

सातत्याची व्यवस्था

तीन दिवसांत उत्साह मावळणाऱ्या माणसाला जपानीत ‘मिक्का बोझु’, म्हणजे ‘तीन दिवसांचा भिक्षू’ म्हणतात. आपल्याकडची ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण सहा दिवस अधिक उदार आहे, इतकेच. मात्र जपानी समाजाने या स्वभावदोषावर उपदेशापेक्षा व्यवस्थेने मात केली आहे. १९२८ मध्ये सुरू झालेला रेडिओवरील व्यायाम, ‘राजिओ ताइसो’, हे त्याचे उत्तम उदाहरण. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो वाजतो आणि ठिकठिकाणच्या बागांतून माणसे हातपाय हलवू लागतात. उन्हाळी सुट्टीत मुलांना कार्ड मिळते आणि हजेरीचा शिक्का त्यावर उमटतो. वेळ दुसऱ्याने ठरवलेली, सोबत शेजाऱ्यांची आणि हजेरीची खूण डोळ्यांसमोर. इच्छाशक्तीवर फारसे काही सोडलेले नाही.

ओबु येथील त्याच राष्ट्रीय केंद्राने विकसित केलेला ‘कोग्निसाइझ’ हा प्रकारही घरी करण्याजोगा आहे. जागच्या जागी पावले टाकत मोठ्याने आकडे मोजायचे आणि तीनच्या प्रत्येक पटीला टाळी वाजवायची. चुका होऊ लागल्या तरी चालते; चुका होणे बंद झाले, की नियम बदलून काम अवघड करायचे. मेंदूच्या सरावाचे एक मर्म यात आहे. सवयीचे झालेले शब्दकोडे करमणूक देते, पण मेंदूला नवे काम देत नाही. टेक्सासमधील २२१ ज्येष्ठांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिने गोधडी शिवणे किंवा डिजिटल छायाचित्रण नव्याने शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. ती केवळ गप्पा-सहली करणाऱ्या गटापेक्षा सरस ठरली. मात्र त्यासाठी आठवड्याला सरासरी १५ तासांहून अधिक वेळ दिला गेला होता.

भाषा हाही सराव

जपानमधील मराठी माणसाजवळ असा एक अवघड आणि न संपणारा सराव आयताच असतो: जपानी भाषा. नित्य वापराच्या कांजींची अधिकृत यादीच २,१३६ चिन्हांची आहे. एकाहून अधिक भाषा वापरण्याचा मेंदूला काय लाभ होतो, यावरील एक महत्त्वाचा अभ्यास हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी यांच्या नेतृत्वाखाली झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची नोंद तपासली गेली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. हा निरीक्षणातून काढलेला निष्कर्ष आहे आणि इतर सर्व अभ्यासांनी त्याला दुजोरा दिलेला नाही. परंतु भाषा वापरण्यात सराव सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही, हे तिचे बलस्थान आहे. एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर वही मिटून न ठेवता शेजाऱ्यांशी, पालकसभेत, दुकानात ती बोलत राहणे, हा उजळणीचा सर्वांत स्वाभाविक प्रकार होय.

आई-वडील दूर असताना

जपानच्या व्हिसा नियमांत पालकांना कायम सोबत ठेवण्याची सोय बहुतेकांना उपलब्ध नाही. उच्च कौशल्यधारकांनाही ती काही अटींवर, मुख्यतः सात वर्षांखालील मुलांच्या संगोपनासाठी मिळते. त्यामुळे बहुतेक घरांत आई-वडिलांची काळजी फोनवरूनच घ्यावी लागते. ओकावाच्या प्रयोगातून येथे उपयोगी पडणारा मुद्दा हा की, सरावासमोर माणूस असावा. रविवारी तासभर बोलण्याऐवजी आठवड्यातून चार-पाच दिवस १५-२० मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठरलेल्या वेळी करता येतो. वर्तमानपत्रातील बातमी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावी, नातवंडांना पावकी-निमकी-दिडकीचे पाढे शिकवावेत, आपण त्यांना जपानीतले दोन शब्द शिकवावेत आणि पुढच्या वेळी विचारावेत. अॅप घालून देण्यापेक्षा यात खर्च कमी आणि नियम पाळला जाण्याची शक्यता अधिक.

मात्र मेंदूचा सराव हा संपूर्ण उपाय नव्हे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाला कारणीभूत ठरणारे आणि बदलता येण्याजोगे १४ घटक नोंदवले. ते सर्व दूर करता आले, तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टाळता किंवा लांबवता येतील, असा त्याचा अंदाज आहे. मंदावलेले ऐकू येणे, उपचार न झालेली दृष्टी, मधुमेह, उच्च रक्तदाब, एकटेपणा हे त्यांतील काही. वडिलांना श्रवणयंत्र घेऊन देणे किंवा आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वेळेवर करणे हे कोणत्याही कोड्याच्या वहीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक मोलाचे आहे.

आणि विस्मरण नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाऊ लागले, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जाऊ लागले, पैशांचे व्यवहार किंवा ओळखीचा रस्ता चुकू लागला, तर सराव वाढवण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे. जपानमध्ये बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ‘मोनोवासुरे गाइराइ’, म्हणजे विस्मरणाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ६५ वर्षांवरील रहिवाशांना महापालिकेच्या ‘चिइकी होकात्सु शिएन सेंटर’मध्ये प्राथमिक सल्लाही मिळतो. चाळिशीनंतर दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी रहिवाशांनाही दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा हप्ता भरावा लागतो. तेव्हा त्या व्यवस्थेत काय मिळते, हे वेळ येण्याआधी समजून घेणे हिताचे.

थोडक्यात सांगायचे तर

काही आठवड्यांच्या सरावाने त्या कामातील कौशल्य वाढते. इतर कामांत ते आपोआप उतरत नाही. काही महिन्यांच्या सरावाने अधिक पडते, पण थांबल्यावर काही लाभ ओसरतात. दीर्घकाळ टिकलेल्या लाभामागे तीन गोष्टी आढळतात: हळूहळू अवघड होत जाणारे काम, वर्षा-दोन वर्षांनी का होईना पण ठरवून केलेली उजळणी, आणि दहापैकी किमान सात वेळा पाळलेली हजेरी. आज आरंभ करणाऱ्याने दिवसाला १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सोबतीला एक माणूस आणि भिंतीवर खूण करायला एक दिनदर्शिका, एवढीच सामग्री जमवावी. पहिला हिशेब तीन महिन्यांनी नव्हे, तर दीड वर्षाने करावा.